मुखेडहून दिसणारी पाठ

राऊटरच्या पोटात शिरून पत्ते बदलता येतात हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं, आणि कळल्यावर चार महिन्यांच्या आत मी त्या विद्येचा गैरवापर केला. गैरवापर म्हणजे चक्क एका बापाला फसवलं. वर त्याचा मला अभिमान वाटत होता, हे आधीच कबूल केलेलं बरं.

लातुरात तेव्हा क्लासेसचा नुसता धुमाकूळ होता. आमच्या गल्लीत ज्याच्या घरात एक खोली जास्त, त्याच्या दारावर ‘मुलींसाठी रूम मिळेल’ अशी पाटी. आम्हीही वरचा मजला चढवला आणि सहा मुली ठेवल्या. मालकीणबाई, स्वयंपाकीण, वॉर्डन आणि वेळप्रसंगी डॉक्टर, सगळं मीच. आमचे हे एसटी डेपोतून क्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांचं काम म्हणजे गेटला कुलूप लावणं आणि लावलं की नाही ते तीनदा बघणं.

भूकंपानंतर ह्यांनी स्लॅबखाली पाठ टेकलेली नाही. विसर्जनाच्या त्या पहाटे आम्ही दोघं उशीसकट रस्त्यावर आलो होतो. आमच्या भिंतीला एक तडा गेला, तेवढंच. पण ह्यांची बहीण औशाकडच्या गावात दिलेली. ती वाचली, घर राहिलं नाही. हे तिला आणायला गेले, चार दिवसांनी परत आले आणि अंगणात पत्र्याची शेड उभारायला घेतली. पुढे वीस वर्षं झोपायला तिथंच. मी चिडवायची, “स्वतः पत्र्याखाली झोपता आणि लोकांच्या लेकी स्लॅबखाली?” हे शांतपणे म्हणायचे, “त्यांना भूकंप माहीत न्हाई. त्यांना झोप येते.” तरी नवी मुलगी आली की पहिल्याच दिवशी तिला कॉटपासून अंगणापर्यंत पळायला लावायचे आणि हातात घड्याळ धरून उभे राहायचे. मुलींना वाटायचं, हीसुद्धा एन्ट्रन्सच आहे.

कॅमेऱ्याचं खूळ समोरच्या घरानं आणलं. त्यांनी पाटीवर लिहिलं, ‘पालकांना ऑनलाइन कॅमेरा’. झालं. आमच्याकडे चौकशीला येणारा प्रत्येक बाप चहा पिऊन विचारायला लागला, “तुमच्याकडं कॅमेरा न्हाई का, ताई?” मग मीही इरेला पेटले. त्यांचा एक कॅमेरा, तर माझे सहा. सहा टेबलं, प्रत्येक टेबलामागे भिंतीवर उंच एक डोळा. मागून एवढ्यासाठी, की पालकांना पुस्तक दिसावं आणि पुस्तकात मोबाइल असला तर तोही दिसावा. पोरींचं तोंड दिसण्याची मागणी कोणी केली नव्हती.

बसवणारा आला, चहा प्याला, “आता जगात कुठूनही दिसंल” म्हणाला आणि गेला. दुसऱ्या दिवशी लोडशेडिंग झालं. लाइट आली, पण जगात कुठूनही काही दिसेना. सहा बापांचे सहा फोन. बसवणाऱ्याला विचारलं तर म्हणे, “मॅडम, आयपी बदलला. म्हणजे पत्ता.” परत आला, परत चहा, परत लाइट गेली. असं तीनदा झाल्यावर चौथ्या वेळी मी चहा केलाच नाही. त्याच्या खुर्चीमागे उभी राहिले आणि तो काय काय दाबतो ते कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर उतरवून घेतलं. तो अस्वस्थ झाला. पोटावर पाय येतोय हे माणसाला बरोबर कळतं.

गोष्ट काही फार अवघड नव्हती. ह्यांना मी ती त्यांच्याच भाषेत समजावली. भूकंपानंतर नणंदेच्या गावाला पत्र्याच्या शेडांची वसाहत झाली होती, आठवतं का? सगळ्या शेड सारख्या. आज हे कुटुंब बारा नंबरात, पुढच्या आठवड्यात दुसरंच कोणी. पत्र यायचं गावाच्या नावानं आणि पोस्टमन वेड्यासारखा फिरायचा. राऊटरचं तसंच आहे. लाइट गेली, आली, की तो घरातल्या प्रत्येक यंत्राला मनाला येईल तो नंबर वाटतो. मग काय करायचं? एक, प्रत्येक कॅमेऱ्याला सांगायचं, तुझा नंबर हाच, आभाळ कोसळलं तरी बदलायचा नाही. तो स्टॅटिक पत्ता. आणि दोन, वसाहतीच्या तोंडाशी एक माहीतगार म्हातारा बसवायचा. बाहेरून कोणी आठ हजार चार नंबरचं दार विचारलं, की त्यानं बोट दाखवायचं, ‘चौथं टेबल, तिकडं जा.’ ह्यालाच पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात.

हे कुलपाची किल्ली बोटावर फिरवत म्हणाले, “म्हातारा चुकीच्या शेडकडं बोट दाखवला तर?”

“तर माणूस चुकीच्या घरात जाईल,” मी म्हणाले. ह्या प्रश्नाचा मी त्या वेळी नीट विचार केला नाही.

घराचा बाहेरचा पत्ताही रोज बदलत होता. तो पक्का करून मिळावा म्हणून टेलिफोनच्या ऑफिसात अर्ज केला. अर्जात ‘प्रयोजन’ असा रकाना होता. तिथं मी लिहिलं, ‘सहा मुलींच्या आईबापांची शांती’. खिडकीतल्या माणसानं ते वाचून माझ्याकडे चष्म्याच्या वरून पाहिलं आणि शिक्का मारला.

आता एक अडचण राहिली. बाहेरून दिसतं की नाही हे घरात बसून तपासता येत नाही. आमचा राऊटर घरातल्याच माणसाला बाहेरच्या दारानं आत घेत नव्हता. म्हणून मी नांदेडची एसटी पकडली. नांदेड माझं माहेर. दिवाळीला दोन दिवस अवकाश होता. बहीण लवकर आली म्हणून भाऊ खूश, आणि मी हातपाय न धुता त्याच्या कॉम्प्युटरवर बसले. भावजय ताट वाढून उभी. आठ हजार चारचं दार उघडलं आणि बघते तर काय, आमचे हे चौथ्या टेबलापाशी उभे. मुली क्लासला गेलेल्या. ह्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि कोणा पोरीच्या डब्यातून क्रीमचं बिस्किट काढलं. ह्यांना साखर आहे. रोज बिनसाखरेचा चहा पिऊन, आपण किती पथ्य पाळतो ते सगळ्या गल्लीला सांगणारा माणूस! मी तिथूनच मोबाइल लावला. ह्यांनी एका हातानं खिशातला फोन काढला.

“ते बिस्किट खाली ठेवा,” मी म्हणाले.

माणूस जागच्या जागी गोल फिरला. दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, टेबलाखाली वाकून पाहिलं. मग वर, थेट कॅमेऱ्याकडे. नांदेडात मी हसून हसून भावजयीच्या ताटात पाणी सांडलं. त्या दिवसापासून मला त्या विद्येची चटक लागली.

आता चौथ्या टेबलाची गोष्ट.

चौथ्या टेबलावर बसायची ती मुलगी मुखेडजवळच्या खेड्यातली. वडील शेतकरी. रोज पाचच्या सुमाराला ते मुखेडच्या डेअरीवर दूध घालायला यायचे. डेअरीला लागून त्यांच्या भाच्याचं मोबाइलचं दुकान, तिथं कॉम्प्युटर. पाच ते सात आमच्या मुलींची बैठी अभ्यासाची वेळ. दूध घातलं की हा गृहस्थ भाच्याच्या स्टुलावर बसून लेकीकडे बघणार, असं ठरलं. मुलीला सोडायला आले तेव्हाच त्यांनी मला बजावलं होतं, “ताई, एक दिवस जरी खुर्ची रिकामी दिसली, तर बिस्तरा गुंडाळून नेतो म्हणून समजा.”

खुर्ची कधी रिकामी दिसली नाही. पोरगी पाचच्या ठोक्याला बसायची आणि सातला उठायची. मधे हलायची सुद्धा नाही. आणि दर आठवड्याच्या टेस्टला तिचे मार्क उतरत चालले.

एकदा मी तिला भाजी निवडायला बसवून घेतलं आणि विचारलं. ती म्हणाली, “काकू, मला बसून काही शिरतच न्हाई. गावाकडं मी बांधावर चालत पाठ करायचे. चालले की सगळं ध्यानात राहते. इथं बसलं की मानेवर कोणीतरी बोट ठेवल्यासारखं होते. दोन तास मी नुसतं पान बघते.” मग मेथीची काडी मोडत म्हणाली, “बाबांना न्हाई कळायचं.”

मी सरळ मार्गानं प्रयत्न केला नाही असं नाही. त्यांना फोन केला. सांगितलं की पोरीला चालत अभ्यास करायची सवय आहे, गच्चीवर सोडू का? पलीकडून उत्तर आलं, “चालत कुठं अभ्यास व्हतो व्हय, ताई? चालत ढोरं चारतेत.” आणि पुढे म्हणाले, “बसून तर राहिली दोन-दोन तास, मी रोज बघून राहिलो. तरी मार्क न्हाईत. डोकंच नसंल तर उगं कशाला पोरीचे हाल? इकडं पाव्हणे बी विचारून राहिलेत. अजून दोन टेस्ट बघतो.”

म्हणजे बसली तर मार्क जाणार आणि लग्न होणार. उठली तर खुर्ची रिकामी दिसणार आणि लग्न होणार. पोरगी हुशार होती हो. स्वतःचं रडगाणं म्हणून नाही सांगत, पण सोळाव्या वर्षी माझंही असंच दप्तर बंद झालं होतं, आणि बी. ए. मी पुढे पोळ्या लाटत केलं. मला राग आला. आणि मला राग आला की मी शहाणपणा करत नाही, उद्योग करते.

सातवा कॅमेरा आणला. शेडमधली ह्यांची कॉट एका कोपऱ्यात सरकवली. त्याच सुताराकडून तसंच टेबल आणलं, मागच्या पत्र्यावर अभ्यासाच्या खोलीतला तोच निळा पडदा टांगला, आणि कॅमेरा त्याच उंचीवर ठोकला. मग राऊटर उघडून दारावरच्या म्हाताऱ्याला सांगितलं, आठ हजार चार विचारत कोणी आलं तर आता वरच्या चौथ्या टेबलाकडे नको, अंगणातल्या शेडकडे बोट दाखव.

राहिली पाठ. ती मी दिली. मुलीचा लाल स्वेटर, तिच्या आईनं विणलेला. तो मला दंडात चढेना, तेव्हा शिवण दोन बोटं उसवून घेतली. डोक्याला तिचाच स्कार्फ घट्ट बांधला, म्हणजे पिकले केस झाकले. आणि स्कार्फखालून सोडायला वेणी हवी म्हणून ट्रंकेच्या तळातून माझ्या लग्नातलं गंगावन काढलं. मुलींनी मला मागून पाहिलं आणि भिंतीला टेकून हसल्या. “काकू, लई भारी! फक्त पाय हलवू नका, जोडवी वाजतेत.”

हे तेवढे हसले नाहीत. पाच ते सात त्यांना स्वतःच्या शेडमधून बाहेर पायरीवर बसावं लागायचं, त्याचा राग असेल असं मला वाटलं. पहिल्याच दिवशी म्हणाले, “बापाला फसवू न्हाई.” मी म्हणाले, “बिस्किट चोरणाऱ्यानं मला शिकवू नये.” विषय संपला.

असे दोन महिने गेले. पाच वाजले की मुलगी वर गच्चीवर फेऱ्या घालत मोठमोठ्यानं पाठ करायची आणि खाली शेडमध्ये मी तिची पाठ होऊन बसायची. नुसतं बसून कंटाळा येतो म्हणून तिचं जीवशास्त्राचं पुस्तक वाचायला लागले. बेडकाच्या हृदयाला तीन कप्पे असतात हे मी जेवताना ह्यांना सांगितलं. यकृताचं काम काय, ते कशानं बिघडतं, हेही सांगितलं. त्यांची भूक कमी झाली.

आणि पोरीचे मार्क चढायला लागले. एका टेस्टला थोडे, पुढच्या टेस्टला चांगलेच. तिच्या वडलांचा फोन आला तेव्हा आवाजच वेगळा होता. “ताई, आता कशी मन लावून बसून राहिली! आन् अंगानं बी भरली जरा. मेसचं अन्न मानवलं बघा. घरी तिच्या आईला सांगितलं तर रडली.” मी तोंडात पदर कोंबून फोन ठेवला आणि मुलींना सांगितलं. सगळ्या गडाबडा लोळल्या. अंगानं भरली म्हणजे मी, ह्याचा मला थोडा अपमानही वाटला, पण तेवढ्यापुरताच.

घात झाला तो माझ्याच आळसानं. सहाही कॅमेऱ्यांना मी पक्का पत्ता दिला होता. येणाऱ्याजाणाऱ्याला त्यावर भाषणं देत होते, गल्लीतल्या दोन घरी तर स्वतः जाऊन करून दिलं होतं. फक्त सातव्याला, शेडमधल्याला, आज देऊ उद्या देऊ करत दिलाच नव्हता. राऊटरनं त्याला वाटला होता तोच नंबर मी दारावर सांगून मोकळी झाले होते. त्यात दुधावरची साय रोज गायब होत होती, म्हणून मांजर धरायला मी स्वयंपाकघरात आठवा कॅमेरा लावला. मांजर नव्हतंच ते, पण ते असो. त्यालाही पत्ता दिला नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.

जानेवारीतला दिवस. दुपारी तीनला लाइट गेली, पाचच्या जरा आधी आली. राऊटर उठला आणि आपल्या स्वभावाप्रमाणे त्यानं नंबर नव्यानं वाटले. शेडचा नंबर स्वयंपाकघराला गेला. मला काय पत्ता? मी स्वेटर चढवला, गंगावन लावलं आणि शेडमध्ये ताठ बसले. आणि तिकडे मुखेडला, दूध घालून स्टुलावर बसलेल्या माणसाला दिसलं माझं स्वयंपाकघर.

त्या दिवशी ह्यांच्या डेपोतल्या जुन्या सोबत्यानं हुरडा पाठवला होता. बाकीच्यांचे बाप आता रोज बघत नसत; साडेपाचला पोरी खाली उतरल्या, गच्चीवरून ही सुद्धा. ओट्यावर चढून बसली. लसणाची चटणी, गरम हुरडा, आणि हिनं क्लासमधल्या सरांची नक्कल सुरू केली. सगळ्या खिदळत होत्या. वास शेडपर्यंत आला आणि मला राहवेना. म्हटलं, पाच मिनिटं खुर्ची रिकामी दिसली तर बाथरूमला गेली असं समजतील. तशीच स्वयंपाकघरात गेले. स्कार्फ सोडला. मान दुखत होती म्हणून गंगावन उपसून खुंटीला टांगलं. आणि लाल स्वेटरच्या बाहीला तोंड पुसत मूठभर हुरडा तोंडात टाकला.

त्या संध्याकाळी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माणूसच आला.

मुली क्लासला गेलेल्या. गेट ह्यांनी उघडलं. पांढरा पायजमा, खांद्यावर टॉवेल, बगलेत घडी घातलेलं पोतं आणि दोरी. बिस्तरा बांधायची तयारी करूनच आले होते. मी पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं. चहा घेतला नाही. पायरीवर बसले, आणि अंगणाकडे बघत म्हणाले, “ती पाठ तुमची व्हती.”

मी “हो” म्हणाले. माझी सगळी उत्तरं तयार होती. पोरीचे मार्क बघा, तिचं डोकं बघा, सोळाव्या वर्षी लग्न करून काय भलं होतं ते मला विचारा. ते चिडतील, मी दुप्पट चिडेन, असा मी दोन महिने मनात सराव केला होता. पण ते चिडलेच नाहीत.

“भाचा हसायचा मला,” ते म्हणाले. “मामा, काय दिसते तुला त्यात? नुसती पाठ तर हाय. मी म्हणायचो, पाठ का होईना, माझ्या लेकीची हाय. दूध घातलं की बसायचो. दोन तास. एकदा तिला शिंका आल्या, लई आल्या. घरी जाऊन तिच्या आईला सांगितलं. तिनं तवाच सुंठ-मिरे बांधून दिले, मी एसटीत कंडक्टरच्या हाती पाठवले.”

ते पुडकं आलं होतं. शिंका मलाच आल्या होत्या. काढा मीच करून प्याले होते, आणि मुलीच्या आईचं कौतुकही केलं होतं.

“दोन महिने,” ते म्हणाले, “मी लेकीला बघितलंच न्हाई, ताई. तुम्हाला बघून राहिलो.”

मला जागच्या जागी लाज वाटली. आयुष्यात मी बऱ्याच जणांना बनवलं आहे, पण अशी लाज कधी वाटली नव्हती. मी समजत होते की मी एका पहारेकऱ्याला चुकवलं. पहारा वगैरे काही नव्हताच तो. हे पलीकडे उभे होते, त्यांनी माझ्याकडे पाहिलं सुद्धा नाही. ते उपकारच झाले.

“मग बिस्तरा गुंडाळीन म्हणून कशाला म्हणायचात?” मी कसंबसं विचारलं.

“मग बापानं काय म्हणायचं? करमत न्हाई म्हणून बघतो, असं म्हणायचं?” त्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं. “काल दिसली ती. तोंड दिसलं. हसून राहिली व्हती. आमच्या घरी कवा अशी हसली न्हाई.” मग आवाज घट्ट करून म्हणाले, “पण लबाडी केली माझ्याशी. न्यायचीच.”

“लबाडी मी केली,” मी म्हणाले. “ती नुसती चालली. पोतं भरायचं तर माझं भरा.”

त्यांनी पोतं पायरीवरच ठेवलं आणि उठले. दुपारी दोनपर्यंत शेडमध्ये ह्यांच्या कॉटवर बसून राहिले. हे त्यांच्या शेजारी. दोघांनी मिळून एक शब्द बोलल्याचं मी ऐकलं नाही, पण चहा मात्र मागितला आणि दोघांनी प्याला.

मुलगी आली. गेटातच तिला पोतं दिसलं. चेहरा उतरला, पण रडली नाही, पाया पडली आणि म्हणाली, “बाबा, उद्या टेस्ट हाय. संध्याकाळच्या गाडीनं जाऊ. तोवर वाचते.”

मला तिथं सांगावंसं वाटलं, अगं, नेणार म्हणतोय बाप, टेस्ट कसली घेऊन बसलीस! पण ती दप्तर घेऊन वर गेलीसुद्धा. थोड्या वेळानं गच्चीवरून तिचा आवाज यायला लागला. इकडून तिकडे, तिकडून इकडे. वडील खाली बसून वर बघत राहिले. मग उठले, जिना चढले आणि गच्चीच्या शेवटच्या पायरीवर जाऊन बसले. मी मागून गेले, पण त्यांच्या खालच्या वळणावर थांबले.

पहिल्या काही फेऱ्यांना ती त्यांच्याजवळ आली की आवाज बारीक व्हायचा. नंतर होईना. ती चालत होती, हात हलवत होती, मधेच थांबून कपाळावर मारून घेत होती आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणत होती. इंग्रजी नावं, एकामागून एक. शेजारून गेली तरी तिला बाप दिसत नव्हता. वडलांना त्यातलं अक्षर कळत नसणार. ऊन कलेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

शेवटी मागे न बघताच मला म्हणाले, “ताई, हितं बसंल का तो कॅमेरा?”

मी खाली धावले. शेडमधला सातवा कॅमेरा उपसला. ह्या वेळी आधी त्याचा पत्ता पक्का केला, कॅलेंडरच्या पानावर लिहिला, दोनदा तपासला, मग वायरीला हात घातला. गच्चीच्या टाकीशेजारच्या खांबावर शिडी लावली. शिडी मुलीच्या वडलांनी धरली, खिळे ह्यांनी दिले. मुलगी खालून बघत होती. म्हणाली, “मी बसणार न्हाई हां, बाबा. आन् पुस्तक दिसायला नको.”

“मला कुठं पुस्तक वाचता येते,” ते म्हणाले.

संध्याकाळच्या गाडीनं ते एकटेच गेले. पोतं तसंच बगलेत. गेटपाशी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाले, “तिच्या आईला वजनाचं काय सांगू आता?” मी म्हणाले, मी तिला खाऊ घालते. आणि त्या दिवशी तरी खोटं बोलत नव्हते.

दुसऱ्या दिवशी टेस्ट देऊन ती आली आणि पाचला गच्चीवर गेली. मी खाली राऊटरसमोर जीव मुठीत धरून बसले. पाच वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

“दिसली, ताई.”

“नीट दिसते का?”

“नीट न्हाई. लांब हाय, तोंड बी कळंना.” मागे डेअरीच्या कॅनचा आवाज येत होता. “पण तीच हाय.”